उघडा कोपरा

गल्लीत त्यांना सगळे चौकटीकाकू म्हणत. फोटोंच्या चौकटी करायचं दुकान सासऱ्यांनी थाटलेलं. खरं तर करवत नवऱ्याच्या हातात जायची होती, पण त्याला लाकडाच्या भुशाने शिंका यायच्या, आणि शिंकत शिंकत कापलेली चौकट कशी निघते ते गल्लीने पाहून झालं होतं. म्हणून काका मागच्या खोलीत काच कापायला बसले आणि करवत काकूंकडे आली. ती आजतागायत त्यांच्याकडेच.

कुणी लग्नाचा फोटो आणायचं, कुणी शाळेतलं प्रशस्तिपत्रक, कुणी गेलेल्या आजोबांचा एकुलता एक फोटो, तोही घडी पडलेला. काकू आधी फोटोतल्या माणसाला नावं ठेवायच्या आणि मग माप घ्यायच्या. चौकट तयार झाली की पाठीवर दुकानाचा शिक्का उठायचा. शिक्का मारण्याआधी त्या चौथ्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत. कारण पट्टी जरा वाकडी कापली गेली तर पहिले तीन कोपरे ती चूक गुमान पोटात घालतात आणि चौथ्यावर येऊन सगळं ओकतात. तिथे फट राहिली की झालं. "माझ्या दुकानातून उघडा कोपरा बाहेर गेलेला नाही," हे वाक्य काकू गिऱ्हाइकाला ऐकवत, नवऱ्याला ऐकवत, आणि कुणीच नसलं तर स्वतःलाही.

यात सासऱ्यांच्या खोक्याचा मोठा हात होता. लाकडाचं लांबोडं खोकं, त्याला तिरप्या खाचा. पट्टी आत घालायची, खाचेत करवत टाकायची, कापून मोकळं व्हायचं. त्या खाचेला सासरे पंचेचाळीस म्हणायचे. काकूंना ते खाचेचं नाव वाटायचं, मांजराचं असतं तसं. मांजराला ते नाव का, हे कोण विचारतं?

तर अशा घरात सून आली ती तिसरीच्या वर्गाची बाई. मुलगी गुणाची, पण अजून बिचकून होती. काकूंकडे तिने कधी काही मागितलं नव्हतं. त्या शनिवारी शाळेतून आली आणि दुकानाच्या दारातच उभी राहिली.

"आई, एक काम होतं. सोमवारी वर्गात आकृत्या घेणार आहे. पुठ्ठ्याच्या केल्या की पोरं त्यांचे कान उपटतात. लाकडाच्या मिळतील का?"

"मिळतील का म्हणजे? बोल."

"एक चौकोन..."

"कसला चौकोन? चारी बाजू सारख्या, की दोन लांब नि दोन आखूड? गिऱ्हाईक असं मोघम बोललं तर मी त्याला परत पाठवते."

सुनेने जीभ चावली. पोरांना ती याचसाठी टोकायची. "चौरस. एक चौरस आणि एक आयत."

"आयत उभा की आडवा?"

"आयत कसाही धरला तरी आयतच असतो, आई."

"भिंतीत खिळा ठोकताना कळेल तुला. आणखी?"

"एक त्रिकोण. तिन्ही बाजू सारख्या."

काकूंनी जन्मात त्रिकोण केला नव्हता. पण सून पहिल्यांदाच काही मागत होती. "चौकटीतून एक पट्टी वजा," त्या म्हणाल्या. "त्यात काय."

मागून काका म्हणाले, "त्रिकोणी फोटो कुणी काढला, ते तरी विचार."

रविवारी सकाळी चौरस आणि आयत हा हा म्हणता झाले. त्रिकोणाला खोक्याची खाच चालणार नाही, एवढं काकूंना दिसत होतं. त्यांनी सुनेचं पुस्तक उघडलं. तिन्ही बाजू सारख्या असलेल्या त्रिकोणाचा प्रत्येक कोपरा साठ अंशांचा, असं चित्राखाली लिहिलं होतं. मग अडलंय कुठे? सुनेचाच कोनमापक पट्टीवर ठेवला, टोकाशी साठची तिरपी रेघ मारली, कापली. तीन पट्ट्या, सगळी टोकं साठची. नंतर जोडायला घेतलं.

दोन कोपरे छान बसले. आणि तिसरा? तिसरा भेटायलाच तयार नाही. दोन्ही टोकं एकमेकांपासून तोंड फिरवून वर बघत होती. काकूंनी पट्ट्या उलटवल्या, पालटवल्या, दाबल्या. खाली तळ, दोन्हीकडे कलत्या भिंती. त्रिकोण करायला घेतला होता आणि झालं होतं घमेलं.

चहा घेऊन सून आली तेव्हा काकू ते बाकाखाली सरकवत होत्या.

"काय आहे ते?"

"काही नाही."

"तुझा त्रिकोण," काका म्हणाले. "जरा बाळसं धरलंय त्याने."

काकूंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यांना काचेचं काम आठवलं. सुनेने हसू दाबलं. घमेलं ओढून घेतलं, कोपरा निरखला आणि म्हणाली, "आई, तुम्ही चौरसाचा कोपरा कापता तो किती अंशांचा?"

"पंचेचाळीस."

"आणि कोपरा होतो काटकोन. नव्वद."

सुनेने चौकटीच्या पाठीला लावायचा खाकी कागद घेऊन त्याचा तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण कापला. मग एक बाजू शेजारच्या बाजूवर आणून घडी घातली. कोपऱ्यातून मधोमध रेघ उमटली.

"कोपरा दोघींचा असतो," ती म्हणाली. "निम्मा या पट्टीचा, निम्मा त्या पट्टीचा. तुम्ही प्रत्येकीला अख्खे साठ दिले."

"म्हणजे एकशेवीस झाले." काकू घडीकडे बघत राहिल्या. "अगं बाई. आणि मी एवढी वर्षं वाटणी करतेय, मला पत्ताच नाही."

मग आकड्यांच्या नादी न लागता त्यांनी तो घडीचा कागदच पट्टीवर ठेवला आणि पेन्सिल फिरवली. एक पट्टी सुनेने कापायला घेतली.

"दाबू नकोस गं. करवत आपली जाते. तू फक्त सोबत जा."

पट्टी वाया गेली, दुसरी घ्यावी लागली. पण त्रिकोण जुळला, तिसरा कोपरा मिटला. काकूंनी अंगठा फिरवला. कुठे फट नाही. जीव भांड्यात पडला.

"हे पण न्यायचंय मला," सून म्हणाली. तिच्या हातात घमेलं होतं.

"ते जळणात जाणार आहे."

"नको ना. उघडी आकृती दाखवायची आहे. रेघ निघाली तिथे परत आली की बंद आकृती, नाही आली की उघडी. मी फळ्यावर उघडी काढते, तर पोरं म्हणतात, बाई, तुमचं पुसलं गेलंय."

"थांब मग, बंद करून देते." काकूंनी साठच्या खुणेने आणखी तीन पट्ट्या कापून घमेल्यासमोर मांडल्या. सहाच्या सहा कोपरे गपकन जुळले. दोघी बघतच राहिल्या.

"षटकोन," सून म्हणाली. "हाही न्यायचा, पण वेगळा करून. मला तुमचा उघडाच हवाय."

"माझ्या दुकानातून..."

"माहीत आहे, आई. म्हणून तर विचारतेय. नाहीतर उचलून नेला नसता?"

काकूंनी आणखी तीन पट्ट्या कापून षटकोन वेगळा केला, खिळे ठोकले, दुकान आवरलं.

सोमवारी सून निघायच्या वेळी सगळ्या आकृत्या बाकावर मांडलेल्या होत्या. घमेलंही होतं. त्याची दोन मोकळी टोकं पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलेली, वर पॉलिशचा हात. लहान हातांना लाकडाची कूस लागायला नको, आणि जायचंच उघडं तर नीट उघडं जावं.

सुनेने एकेक उचलून उलटं केलं. चौरसावर शिक्का, आयतावर, त्रिकोणावर, षटकोनावर. घमेल्याची पाठ कोरी होती.

"याला नाही?"

काकूंनी शिक्का हातात घेतला. तसाच धरून उभ्या राहिल्या. काच पुसता पुसता काकाही थांबले. मग काकूंनी शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडली आणि मधल्या पट्टीवर तो दाबला.

"कुणी विचारलं तर सांग, मुद्दाम उघडा ठेवलाय."

"मुद्दामच तर आहे," सून म्हणाली, आणि त्रिकोण खांद्याला अडकवून निघाली.