खालच्या टोकाचे चार सेंटीमीटर

चाळिशी उलटल्यावर मी कार्बन फायबरची सायकल घेतली, तीही वापरलेली. आधीचा मालक ताडमाड उंच होता, मी पाच फुटांची. सीट कितीही खाली ढकलली तरी पाय जमिनीला लागेनात. सीटखालचा दांडा फ्रेममध्ये एका ठिकाणी अडायचा. खालून चार सेंटीमीटर कापायला हवा होता.

पेणकरपाड्यातल्या आमच्या घरात नवऱ्याने लोखंड कापायचं पातं काढलं आणि ओट्याशी उभा राहून अगदी टोकाशी जरासं कापून बघितलं. कडेला काळे धागे सुटले, झाडूच्या फडासारखे. तो घाबरून थांबला. "हे धातूसारखं नाहीये गं," म्हणाला. "तुझ्या मामांना विचार."

मामा मुर्ध्याला राहतो. तरुणपणी मासेमारी, मग कितीतरी वर्षं होड्यांना फायबर चढवायचं काम. मी चाकं काढून सायकल रिक्षात घातली आणि दुपारी त्याच्या अंगणात उतरले. मामाने फ्रेम एका हाताने उचलली, हसला. "वल्हा पन याच्याहून जड असतो."

दांड्याचं उसवलेलं टोक त्याने नुसतं बोट फिरवून बघितलं, दाबलं नाही. "मोठ्या दातांचा पाता लावला ना? हा कापडाच्या जातीचा हाय पोरी. ओढलास का उसवतो."

मी चार सेंटीमीटरवर खूण केली. त्याने मला परत मोजायला लावलं, दांडा आत पुरेसा उरतो का तेही बघायला लावलं. "कापलेला परत जोडता येत न्हाय." मग खुणेवरून चिकटपट्टी गुंडाळली, गॅसच्या नळीला लावतात तशा दोन क्लिपा हलक्या हाताने आवळल्या, मधे पात्यापुरती फट. पकडीत लाकडाचे खाचा केलेले दोन तुकडे, त्यात दांडा. पातं सगळ्यात बारीक दातांचं. शेवटी त्याने माझ्या हातात पाण्याची बाटली दिली आणि तोंडाला मास्क बांधायला सांगितलं. स्वतःही बांधला.

"एवढ्याशा कामाला?" मी विचारलं.

"फायबरच्या कामाला आमी कदी बांधला न्हाय," तो म्हणाला. "आता जिना चढताना कलतो, दम पुरत न्हाय."

तो मधूनमधून श्वास घ्यायला थांबतो, ते मला आजवर वयाचं वाटत होतं.

तो कापत होता, मी थेंब थेंब पाणी सोडत होते. धूळ उडत नव्हती, काळं पाणी होऊन खालच्या परातीत पडत होती. पातं पुढे जाताना तो जोर लावायचा, मागे येताना सोडून द्यायचा. थोडं कापलं की दांडा जरासा फिरवायचा. खाडीकडून वारा येत होता. सर्र सर्र असा एकच आवाज, झोपेत कुणी जवळ श्वास घेत असावं तसा. किती वेळ गेला मला कळलं नाही. मी लहान असताना तो होडी घासायचा आणि मी सावलीत पडून ऐकत राहायचे, ती दुपार आणि ही दुपार एकच वाटत होती.

तुकडा परातीत पडला तेव्हा दोघंही दचकलो. कड गुळगुळीत होती. ओल्या बारीक पॉलिश पेपरने ती आणखी मऊ झाली, वर धागे सुटू नयेत म्हणून त्याने पातळ गोंदाचा हात फिरवला.

गोंद सुकल्यावर चाकं लावली, दांडा बसवला. मी सीटवर बसले आणि दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले. मला एकदम रडू आलं, का ते माहीत नाही.

"जा, राई गावापर्यंत जाऊन ये," मामा म्हणाला.

मी निघाले. एका बाजूला मोडलेल्या मिठागरांचं पाणी, दुसऱ्या बाजूला नव्या इमारतींचे सांगाडे. सायकल जणू माझ्याशिवायच चालली होती. मागे वळले तेव्हा सूर्य बराच उतरला होता.

मामा अजून अंगणातच खुर्चीत होता. "कशी हाय?"

"पाय हलवतेय असंच वाटत नाही."

"मंग हलू चालव," म्हणून तो हसला, आणि हसता हसता खोकला. मी सायकल भिंतीला टेकवली. म्हटलं, "मामा, उद्या मी येते. आपण डॉक्टरकडे जाऊ." तो नाही म्हणेल असं वाटलं होतं. "ये," तो म्हणाला.