कोचचे बूट

तो सुदानहून नागपूरला शिकायला आला, कॉलेजच्या फुटबॉल टीममधून खेळून गाजला आणि आता आमच्या ऊर्जानगरच्या टीमचा कोच झाला होता. बोलायचा इथल्यासारखंच, फक्त सावकाश. नियमानं त्याला अजून खेळता येत होतं. तरी मॅचआधी तो आपले बूट माझ्या हातात द्यायचा आणि रबरी चपला घालून रेषेबाहेर उभा राहायचा.

"म्या मांगतले तरी देजो नोको, भाऊ. मी उतरलो का पोट्टे नुसते पाहात रायते."

फायनलला आम्ही एका गोलनं मागे होतो. शेवटी शेवटी आमचा फॉरवर्ड पाय धरून खाली बसला. अख्खी कॉलनी कोचला उतर म्हणून ओरडू लागली. तो तरातरा माझ्याकडे आला.

"दे."

मी बूट पाठीमागे धरले. "नाई देत."

त्याच्या मानेची शीर उडत होती. आता मारतो की काय, असं वाटलं. तेवढ्यात तो वळला आणि बाकावरच्या नवख्या खेळाडूला म्हणाला, "तू जा."

आम्ही हरलो. मैदान रिकामं झाल्यावर तो आला, माझ्या हातातले बूट घेऊन त्यानं खांद्यावर टाकले.

"पुढच्या मॅचलेबी बूट धराले तूच येजो," म्हणाला.