धाकट्या लक्ष्मीचा होकार

मला साडी नेसता येते, नेसवता येत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत हे मला लग्नानंतर बाविसाव्या वर्षी कळलं, आणि तेही प्रत्यक्ष लक्ष्मीसमोर.

कळंबच्या आमच्या घरी गौरींना दोन उभ्या महालक्ष्म्या असतात. पत्र्याच्या कोठ्या, पोटात ज्वारी, वर पितळी मुखवटे, अंगावर नव्या साड्या. साड्या नेसवायचा मान सासूबाईंचा. एकदा अक्षता पडल्या की तिसऱ्या दिवशी पाठवणी होईपर्यंत लक्ष्मीला हलवायचं नाही, तिच्या निरीलाही हात लावायचा नाही.

त्या वर्षी सासूबाई अंगणात घसरल्या आणि उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला.

"परंड्याहून जावेला बोलवू का तुझ्या?" त्या म्हणाल्या. "तिच्या हाताला वळण हाय."

"कशाला, आत्याबाई? मी रोज साडी नेसून ऑफिसला जाते."

इथं मी माती खाल्ली. आता चुकले असते, तर जावेच्या हाताचं वळण मला जन्मभर ऐकावं लागलं असतं.

थोरलीसमोर उभी राहिले आणि डाव्याचं उजवं झालं. निऱ्या उलट्या, पदर भलत्याच खांद्यावर.

"लक्ष्मी गुजरातहून आलीय व्हय?" खुर्चीवरून सासूबाईंनी विचारलं.

मी व्यवहारी बाई. कोठीच्या मागं गेले, तिला पाठीमागून मिठी मारली आणि स्वतःलाच नेसतेय असं समजून निऱ्या घातल्या. झकास! (दारातून आमचे हे म्हणाले, "मला इतक्या प्रेमानं कधी धरलं नाहीस." मी दुर्लक्ष केलं.)

धाकटीच्या वेळी मात्र घाई झाली. मुहूर्त टळत आला होता, आणि सासूबाईंनी हौसेनं दोन्ही लक्ष्म्यांना आणि मला एकाच ताग्यातल्यासारख्या जांभळ्या साड्या घेतल्या होत्या. मी मिठी मारली, हाताला लागलं ते जांभळं गोळा केलं, निऱ्या खोचल्या, नाडा आवळला, वर सहा पिना. शेजारच्या शकुंतलाकाकू मुखवटे घेऊन आल्या, ह्यांनी ते बसवले आणि सासूबाईंनी डाव्या हातानं अक्षता टाकल्या.

"झालं. आता हात लावायचा न्हाय कुणी."

मी मागून उठायला गेले, तर लक्ष्मी माझ्याबरोबर निघाली.

ज्वारी होती म्हणून कोठी आडवी झाली नाही, मुखवटा तेवढा डोलला. माझा पदर तिच्या निऱ्यांत होता. सहा पिनांसकट.

नेमक्या त्याच वेळी काकू हात जोडून म्हणत होत्या, "माय, आमच्या संतोषचं लगीन औंदा जमू दे."



"मान हलवली," काकू पुटपुटल्या. "शप्पत. व्हय म्हणली लक्ष्मी."

मी मटकन खाली बसले. लक्ष्मीनं पुन्हा मान हलवली. काकू रडायलाच लागल्या. आता त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार, की तुमच्या संतोषला होकार एका सेफ्टी पिनेनं दिलाय?

दहा मिनिटांत गल्लीतल्या बाया जमल्या. मी कोठीमागं डोळे मिटून, श्वास रोखून बसलेली. "वहिनी किती तल्लीन झाल्यात बघा," कुणीतरी म्हणालं. तल्लीन कसली? माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या. समोर एक शिक्षिका नवऱ्याच्या गावी बदली मागत होती, तेवढ्यात उदबत्तीचा धूर माझ्या नाकात गेला. दोन शिंका आल्या. लक्ष्मीनं दोनदा मान डोलावली.

सासूबाई खुर्चीवरून उठल्या. बायांना चहाला आत पिटाळलं आणि माझ्यापाशी वाकल्या.

"काय केलंस गं?"

"पदर अडकलाय, आत्याबाई. तिच्या निऱ्यांत."

"मग पिना काढ की," हे म्हणाले.

"अक्षता पडल्यात. हात लागायचा न्हाय," सासूबाई ह्यांना म्हणाल्या. "सुरेश, कात्री आण."

"लक्ष्मीची साडी कापायची?" मी हादरले.

"तिची कशाला? चूक कुणाची?"

डाव्या हातानं, वेडीवाकडी, पण ठामपणे त्यांनी माझी कोरी साडी कापली. चहा पिऊन बाया बाहेर आल्या तेव्हा मी अर्ध्या पदरानं हळदीकुंकू लावत होते, आणि उरलेला पदर धाकटीच्या कमरेला लोंबत होता.

"निऱ्यांवर शेला लई शोभतोय," काकू म्हणाल्या. पुढच्या वर्षी गल्लीतल्या प्रत्येक लक्ष्मीच्या कमरेला तसा शेला होता.

दिवाळीनंतर संतोषचं लग्न जमलं. शिक्षिकेची बदली झाली, आणि सहा महिन्यांत पुन्हा झाली.

आता गौरींना चार घरांतून मला साडी नेसवायला बोलावणं येतं. नाही म्हणायची सोय नाही, म्हणून जाते. पंजाबी ड्रेस घालून, ओढणी घरी ठेवून. लक्ष्म्या ढिम्म हलत नाहीत. काकूंना नातू हवाय. गेली दोन वर्षं गौरींना त्या मुखवट्याकडे टक लावून बसतात, मग माझ्याकडे बघून सुस्कारा सोडतात.

"वहिनीची पहिल्यासारखी भक्ती राहिली न्हाय बगा."