चौतीस मार्कांचं मशिन

ब्रह्मदेव माणूस घडवत होता तेव्हा माझे मालाडचे काका लाल पेन घेऊन शेजारी बसलेले असते, तर अख्खी मनुष्यजात एटीकेटी घेऊनच खाली उतरली असती. माझ्या मावशीचे हे यजमान. उभा जन्म बोर्डाचे पेपर तपासण्यात गेला, आणि निवृत्तीनंतर हात शिवशिवू लागले. मग मावशीच्या आमटीला त्रेपन्न. ‘उत्तर बरोबर, पायऱ्या गाळल्या.’ शेजारीणबाईंच्या गाण्यात सुरांपुढे शेरा, ‘गैरहजर’.

गिरणी सुटलेल्या एका मालवणी गृहस्थाने त्याच सुमारास स्टेशनजवळच्या गाळ्यात व्हिडिओ गेमची मशिनं टाकली. काका तिथे पोरांना कान धरून घरी आणायला म्हणून गेले आणि स्वतःच खेळत बसले. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर, ‘पाणी उशिरा येईल’च्या खाली, खडूने गेमचे मार्क. बोर्डाचा माणूस चुकेल कसा? अंधेरी ते बोरिवली, पोरं आधी तो फळा वाचत आणि मगच मशिनात नाणं टाकत.

मालकाने होती नव्हती ती पुंजी ओतून अंतराळयानाचं नवं मशिन आणलं. गाळा त्यावरच तरायचा होता. काकांनी चौतीस दिले. आठवड्याभरात त्या मशिनवर मांजर झोपू लागलं.

मालक घरी आला. “सर, एक मार्क वाढवलात तर तुमचा काय जाता? गाळो बंद करूची पाळी इली.”

“ग्रेस मागून मिळत नसतो. फेरतपासणी करू, चला.”

मीही मागोमाग गेलो. काकांचं यान नेहमीप्रमाणे पहिल्याच धोंड्यावर फुटलं. “बघा. चौतीसच.”

“सर, पुढची स्टेज बघलात खय?”

“म्हणजे? पुढे आहे अजून?”

मालक स्वतः उभा राहिला. यान धोंडे चुकवत समुद्रावर आलं, मग दिव्यांनी भरलेल्या एका शहरावर. संधिवाताच्या बोटांनी काका तिथवर कधी पोचलेच नव्हते. बराच वेळ बघून हळू म्हणाले, “अहो, मी पहिल्या पानावरच नापास केलं की याला.”

घरी जाण्याआधी त्यांनी शर्टाच्या बाहीने फळा पुसला. मग रोज संध्याकाळी त्या मशिनशेजारी स्टूल टाकून दुसऱ्यांचा खेळ बघत बसू लागले. सर एवढं काय बघतात, म्हणून गर्दी जमली आणि गाळा तरला. पोरं विचारत, “सर, किती दिले?”

“थांब रे. पेपर संपू दे.”

शेवटची स्टेज मात्र काकांच्या हयातीत कुणालाच गाठता आली नाही.