बारा आणे भगवंतराव

जगदेवशी बोलायचं असेल तर त्याच्या डाव्या बाजूला उभं राहावं, असं मेडशीत नव्या माणसाला सांगतात. तो मान कलती करून, डावा कान पुढे करून ऐकतो. उजव्या कानाने त्याला कमी ऐकू येत असावं, असा सगळ्यांचा समज होतो. तसं काही नाही. वावराच्या पार दुसऱ्या टोकाला बकरी शिरली तर तिचं चरणं त्याला ऐकू येतं. उजव्या कानाने बहिरे होते ते त्याचे वडील, भगवंतराव. ते मान कलती करून ऐकत, म्हणून हाही तसाच ऐकतो. ऐकायची रीतच ती, असं त्याला लहानपणी वाटलं असावं.

जगदेवचं वय सत्तरीच्या पुढे आहे. भाजीपाल्याचं वावर आहे. वांगी, ढेमसं, पालक आणि सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. आमच्या बाजारात कोथिंबीर मागितली तर भाजीवाली आधी पाहुणे कुठले ते विचारते. सांबाराची जुडी तो ओल्या गवताने बांधतो आणि गाठ उलटी मारतो. भगवंतराव तशीच मारत. त्याचा मोठा भाऊ गोविंदा सरळ गाठ मारतो.

मी या गावच्या शाळेत शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिले. आमच्या आणि या भावांच्या घरामध्ये कमरेएवढी भिंत आहे. त्यांची आई सीताबाई म्हातारपणी त्या भिंतीशी बसून तुरीच्या शेंगा सोलायची. एकदा सोलता सोलता म्हणाली, "मास्तरीणबाई, जगू माह्या पोटचा नाई, पदरचा हाये." आणि पुढची शेंग उचलली.

हकिकत एवढीच. भगवंतरावांची विहीर खोदायला परमुलखातलं एक जोडपं आलं होतं, सोबत तान्हं मूल. बाई तापाने गेली. नवरा म्हणाला, पोराला तुमच्याकडे ठेवा, विहिरीला पाणी लागलं की नेतो. पाणी लागलं. तो पोराला न नेता पुढच्या विहिरीवर गेला. भगवंतरावांनी काही दिवस वाट पाहिली आणि मग वाट पाहणं सोडून दिलं. सीताबाई तेव्हा दिवस भरत आलेली. बाळंतपणाला माहेरी जाताना ते पोर तिने सोबत नेलं. परत आली ती मांडीवर गोमती आणि कडेवर जगदेव घेऊन. जावळी झाली, म्हणाली. जावळी म्हणजे जुळी. गावाने जाऊन बाळं पाहिली. त्यातलं एक बसत होतं आणि त्याला खालचे दोन दात होते. गावाने गूळ घेतला आणि घरी आलं. त्यानंतर या विषयावर मेडशीत कोणी काही बोललेलं नाही. जगदेवला हे कधी कळलं ते मला माहीत नाही, पण कळलेलं होतं.

गेल्या दिवाळीत गोविंदाची नात सुप्रिया पुण्याहून आली. ती तिथे कुठल्याशा प्रयोगशाळेत शिकते. तिने पणजोबांचा म्हणजे भगवंतरावांचा डीएनए तयार करायचं ठरवलं होतं. ते जाऊन चाळीस वर्षं झाली, अस्थी गंगेत गेल्या, मागे एक केससुद्धा नाही. तरी ते जमतं, असं तिचं म्हणणं. बाप आपल्यातलं अर्धं प्रत्येक लेकराला देतो, पण सगळ्यांना तेच अर्धं देत नाही. म्हणून जितकी लेकरं हयात, तितका बाप परत मिळतो.

गोविंदाला हे समजेना. मग मी त्याला आण्यांत सांगितलं. एका लेकरात बाप आठ आणे सापडतो. दोन लेकरं असली तर साधारण बारा आणे. तिघं असली तर चौदा आणे.

"पुरा रुपया कधी होते?" गोविंदाने विचारलं.

"होत नाही. जवळ जवळ जातो."

"म्हंजे माह्या बापासारखंच हाये," गोविंदा म्हणाला. "तो बी कधी पुरा सापडला नाई."

लेकरांच्या लाळेतून आईचा हिस्सा वजा करावा लागतो, त्यासाठी सुप्रियाने सीताबाईच्या माहेरच्या एका भाच्याची लाळ आधीच घेऊन ठेवली होती. आता तिघा भावंडांच्या तीन नळ्या राहिल्या होत्या.

घरात मात्र सगळ्यांनी धरून ठेवलं ते वेगळंच. भगवंतरावांचा एकही फोटो नाही. एकदा वाशीमला काढला होता, त्यात डोळे मिटलेले आले म्हणून त्यांनी तो घेतलाच नाही. नळीतून आता फोटो निघणार, असा घराचा समज झाला. सुप्रियाने तीन वेळा सांगितलं की फोटो निघत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. गोविंदाने बैठकीच्या भिंतीला खिळा ठोकून ठेवला.

गोमतीबाई अनसिंगहून एसटीने आली, नळीत थुंकली, चहा घेतला आणि म्हणाली, "एवढ्यासाठी बोलावलं? तिकडूनच थुकली असती."

राहिला जगदेव. लाळ देण्याआधी अर्धा तास तोंडात काही असू नये असा नियम होता, आणि जगदेवच्या तोंडात खर्रा होता. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला हा खर्रा तो दिवसभर गालात धरतो. सुप्रिया सकाळी गेली तर खर्रा, दुपारी गेली तर दाढ दुखते, आणि मग तो बाजारालाच निघून गेला.

त्या दिवशी तिन्हीसांजेला तो आमच्या भिंतीशी आला. मान कलती करून उभा राहिला, जणू मीच काही बोलत होते.

"मास्तरीणबाई, त्या नळीत समजते काय, कोन कोनाचा ते?"

"समजतं."

"पक्कं?"

"पक्कं."

तो भिंतीवरची माती नखाने काढत राहिला.

"अखजीले बाबाले पानी मीच देतो. गोविंदा भाऊच्या गुडघ्यानं त्याले खाली बसता येत नाई, म्हून मी देतो." अखजी म्हणजे अक्षय तृतीया, त्या दिवशी आमच्याकडे गेलेल्या वडीलधाऱ्यांच्या नावाने घागर भरतात आणि लेक पाणी सोडतो. "आता त्या मशीननं सांगतलं का हा कोनीच नाई, मंग म्या कोन्या तोंडानं पानी देयाचं? हयातभर सख्खा होतो. आता मराच्या वक्ताले चुलतही नाई राहत."

"देऊ नकोस लाळ. कोणाची जबरदस्ती नाही."

"नाई देल्ली तर काहून नाई देल्ली म्हून विचारतीन ना."

ते खरं होतं. पलीकडे अंगणात गोविंदा खाटेवर पडला होता. तो झोपलेला आहे असं आम्हा दोघांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी जगदेवची नळी भरून सुप्रियाच्या हातात आली. गोविंदाने आणून दिली. "वावरात होता, तिथंच घेतली," म्हणाला. सुप्रिया खूश होऊन पुण्याला गेली.

फाल्गुनात तिचा मला फोन आला.

"मॅडम, आपल्या घरात जावळी कोण?"

"गोमती आणि जगदेव. साऱ्या गावाला माहीत आहे."

"मशीन म्हणतं, गोविंदा आबाजी आणि जगदेव आबाजी. नुसते भाऊ नाही, एकाच बीजाचे. एकाला झाकावं अन् दुसऱ्याला काढावं, इतकं तंतोतंत."

त्या दोघांच्या वयात पाच वर्षांचं अंतर आहे.

"मशीन मेडशीत राहिलेलं नाही," मी म्हणाले.

ती हसली नाही. हुशार मुलगी आहे. शाळेत असतानाही गणित अडलं की ती हसायची नाही.

गुढीपाडव्याला ती घरी आली. जगदेव वावरात होता. गोविंदा ओट्यावर जुड्या बांधत बसला होता, मी भिंतीच्या अलीकडे होते.

"आबाजी, दोन्ही नळ्यांत तुमचीच थुंकी आहे."

गोविंदाने जुडी पूर्ण बांधली. "हो. मीच देल्ली."

"काहून?"

"त्याच्या तोंडात खर्रा होता."

"मग आता थांबून घेऊ. खर्रा नसेल तेव्हा."

"त्याच्या तोंडात खर्रा कायम असते."

"झोपल्यावर?"

"झोपीतही असते," गोविंदा म्हणाला. "पूजेले एखाद्याले येता नाई आलं त भाऊ हात लावते. चालते का नाई? मंग हे काहून नाई चालत? त्याच्या वाटची म्या थुकलो. भाऊच हाये मी त्याचा."

सुप्रियाने माझ्याकडे पाहिलं. मी तुळशीला पाणी घालत होते ते घालत राहिले. मग ती आजोबांच्या शेजारी बसली आणि एक जुडी उचलली.

"मग आबाजी, मला बारा आणेच मिळाले. तुम्ही आणि गोमती आत्याजी."

"बारा आणे लय झाले."

"चार आणे कमी पडतात."

"तू लिहून टाक, खर्र्यात गेले म्हून."

तिने लिहिलं नाही. तिने बांधलेल्या जुडीची गाठ तेवढी सुटली. गोविंदाने ती पुन्हा बांधून दिली.

रात्री जेवणं झाल्यावर सुप्रियाने सगळ्यांसमोर निकाल वाचला. गोमतीबाई सणाला आलेली होतीच. जगदेव दाराच्या चौकटीशी उभा होता, अर्धा आत, अर्धा बाहेर. भगवंतरावांचे डोळे तपकिरी असावेत. केस काळे असावेत. कानातला मळ ओला असावा. मोठेपणी त्यांना दूध पचत नसावं.

"हे त माह्या मायलेही माहीत होतं," गोमतीबाई म्हणाली. "अन् फोटो?"

"फोटो निघत नाही, आत्याजी."

"मंग एवढ्या थुकीचं काय केलं?"

सगळ्यांनी खिळ्याकडे पाहिलं.

"नाक कसं होतं, ते तरी सांगते काय मशीन?"

"नाही. हे सगळं बारा आणेच आहे." सुप्रिया जगदेवकडे न पाहता म्हणाली. "दोनच नळ्या वाचता आल्या. तिसरी वाया गेली. माझी चूक."

जगदेवची मान कलती झाली. मग तो चौकटीच्या आत आला आणि भिंतीला टेकून बसला.

"बाबा कसा दिसे ते मले इचारा ना," गोमतीबाई म्हणाली. "मशीनले काय इचारता? ह्या जगूसारखा दिसे. डोक्याले फेटा बांधा अन् पाहा. अशीच मान. असंच उगीमुगी बसनं. गोविंदा दादा त सारा मायवर गेला, मी बी मायवर. बाबावर गेला तो हाच."

"ते त हाये," गोविंदा म्हणाला.

"मले कायले मधात घेता?" जगदेव म्हणाला.

"गप बस. जावळा हायेस माहा. तुह्यापेक्षा मले जास्त समजते."

भगवंतरावांचा फेटा ट्रंकेत होता. तो बाहेर काढला. त्याला उंदराने एका जागी कुरतडलं होतं, ती बाजू मागे घेतली. जगदेवला भिंतीशी खुर्चीवर बसवलं. सुप्रियाने मोबाईलवर फोटो काढला. मान सरळ ठेवा, असं ती म्हणाली, तर गोविंदा आणि गोमतीबाई दोघंही एकदमच नाही म्हणाले.

वाशीमच्या फोटोवाल्याने तो मोठा केला, जुना दिसावा म्हणून थोडा पिवळा केला आणि चौकटीत बसवून दिला. अखजीच्या आदल्या दिवशी तो खिळ्यावर चढला. गावातली जुनी माणसं येऊन पाहून गेली. भगवंतराव हुबेहूब आले, असं त्यांचं मत पडलं. खाली बसलेल्या जगदेवकडे पाहून कोणी काही म्हणालं नाही. या गावाने दात असलेली जावळी पाहिलेली आहेत.

अडलं ते फक्त हारावर. गोविंदाने झेंडूचा हार आणला होता.

"हार नाई घालाचा," गोमतीबाईने सांगितलं. "जित्या मानसाच्या फोटोले कोनी हार घालते काय?"

"फोटो बाबाचा हाये ना."

"बाबाचाच हाये. पन हार नाई."

हार घागरीला घातला.

अखजीला मला जेवायला बोलावणं होतं. सुप्रियाही पुण्याहून आली होती. आमरस झाला होता, कुरडया तळल्या होत्या. फोटोखाली पाट मांडला, नवी घागर भरली, पानावर सगळं वाढलं. गोविंदाने हाक मारली, "जगू, चाल. बाबा खोळंबले."

जगदेव अंगणातून आला. उंबऱ्याशी थबकला, परत फिरला, मोरीकडे गेला. बापासमोर त्याने कधी खर्रा खाल्लेला नाही. भगवंतराव दिसले की तो आधी चूळ भरायचा. त्याने गालातला खर्रा थुंकला, दोन वेळा खळखळून चूळ भरली, पंच्याने तोंड पुसलं. मग आत येऊन फोटोसमोर पालथी मांडी घातली आणि ओंजळीतून पाणी सोडलं. फोटोतल्याची मान आणि त्याची मान एकाच अंगाला कलली होती.

फोटो भिंतीवर असेपर्यंत बैठकीत खर्रा बंद, असं त्याने उठता उठता सांगितलं. जेवणाला वेळ होता. तो अर्धा पाऊण तास तिथेच बसून राहिला, रिकाम्या तोंडाने, बोलत.

सुप्रियाच्या पिशवीत एक कोरी नळी होती. तिने आणली होती की राहून गेली होती, ते मी विचारलं नाही. तिने घड्याळाकडे पाहिलं, जगदेवकडे पाहिलं. मग पिशवी खुंटीला अडकवली आणि रसाचं पातेलं घेऊन वाढायला गेली.

"जगदेव आबाजी, रस घ्या."

"आधी बाबाच्या पानावर वाढ," तो म्हणाला. "अन् दूध नको टाकू त्याच्यात. पचत नाई त्याले."