कवळीवाल्यांकडचे दोन गिनीपिग

माझ्या मावशीला कवळी करून देणारे गृहस्थ गल्लीच्या टोकाला, शिंप्याच्या दुकानाच्या वर राहायचे. त्यांना सगळे कवळीवालेच म्हणत. पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत संसार. संसार म्हणजे एक कॉट, एक शेगडी आणि ते स्वतः. भिंतभर फळ्यांवर प्लास्टरचे जबडे मांडलेले, प्रत्येकाखाली पेन्सिलीने नाव. बोलणं जेमतेम. "दिवसभर लोकांची तोंडं उघडून बघतो, माझं उघडायला वेळ कुठाय?" म्हणायचे.

मावशी निवृत्त शिक्षिका, एकटी, जिभेची तिखट. कवळी बसली उत्तम, पण 'स' म्हटला की शिट्टी वाजायची. ती तीनदा भांडून आली. "माझ्या तोंडात रेल्वे बसवलीत का हो?" कवळीवाल्यांनी तीनदा कानस मारली. शिट्टी बारीक झाली, गेली नाही. चौथ्यांदा ती सांगायला गेली की राहू द्या आता. घरी तिने दोन गिनीपिग पाळले होते, तांबडा आणि काळी. तिच्या 'स'ला ते पेटीतून शिट्टीनेच उत्तर द्यायला लागले होते.

त्यानंतर ती रोज दुपारी तीनला तिकडे जाऊ लागली. काम काही नाही. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसायची आणि बोलत राहायची. ते मेणात दात बसवत ऐकायचे.

मावशी हिवाळ्यात गेली, झोपेतच. उशाशी चिठ्ठी होती : गिनीपिग कवळीवाल्यांकडे द्यावेत.

"ताई, मला मेणातले दात सांभाळता येतात. हे जिवंत दातांचं काम," मी दोघांना घेऊन गेले तेव्हा ते म्हणाले. मग चिठ्ठी दोनदा वाचली आणि खुर्चीसमोरची जागा रिकामी केली.

सांभाळले मात्र दृष्ट लागावी असे. फळ्या ठोकून मोठं कुंपण केलं, आत लपायला लाकडी घरकुल. वाळलेलं गवत कायम पुढ्यात हवं, कारण त्यांचे दात जन्मभर वाढतात. ढोबळी मिरची रोज, कारण सी जीवनसत्त्व आपल्यासारखंच त्यांच्या अंगात तयार होत नाही. उचलताना मागच्या पायांखाली हात. सगळं विचारून विचारून शिकले.

दहाव्या दिवशी ते माझ्या दारात उभे. "ताई, मावशींची कवळी कुठंय?"

"सापडलीच नाही. सगळं घर उलथंपालथं केलं. का हो?"

"तीन वाजले की दोघं खुर्चीकडे तोंड करून शिट्ट्या घालतात. मग थांबतात. मग पुन्हा."

"भूक लागत असेल."

"आधी खाऊ घालून पाहिलं. खुर्ची हलवून पाहिली. खुर्ची जाईल तिकडे वळतात. आणि ते गप्प होतात ना, तेव्हा मलाही ऐकू येतं."

दुसऱ्या दिवशी मी गेले. खिडक्या बंद होत्या, खोलीत भरपूर ऊन होतं. दोघं गवत चघळत होते. एकाएकी दोघांचे जबडे एकदमच थांबले. माना खुर्चीकडे वळल्या आणि कान किटतील अशा शिट्ट्या सुरू झाल्या. मग शांतता. त्या शांततेत काहीतरी बारीक, दातांच्या फटीतून वारा जावा तसं, ऐकू आलं. आलं असं मी शपथेवर सांगणार नाही. पण कवळीवाले हातातली कानस तशीच धरून मान डोलावत होते, कुणाचं बोलणं ऐकताना डोलावतात तशी, अगदी नेमक्या जागी.

पुढच्याच आठवड्यात कुंपण झाडताना घरकुलाखाली कवळी निघाली. ते घरकुल कवळीवाले एक दिवसाआड उचलत. मावशीकडची पेटी तर मी स्वतः रिकामी करून धुतली होती. त्यांनी रुमाल उघडून दाखवला. कवळी ओली होती.

"फेकून द्या," मी म्हटलं.

"छे. माझं काम अर्धवट राहिलंय."

दोन दिवस खपून, मावशीच्या प्लास्टरच्या जबड्यावर बसवून बसवून, त्यांनी पुढच्या दातांमागची फट शोधली आणि भरली. कवळी फळीवर ठेवली. त्या दिवसापासून तीनला दोघं उठायचे, शिट्टी घालायचे, थांबायचे. समोरून काही नाही. मग त्यांनी शिट्टी घालणंही सोडलं, नुसते बसून राहायचे. चौथ्या दिवशी तांबड्याने खाणं टाकलं.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दात पाहिले, पोट चाचपलं. "आजार दिसत नाही. पण यांचं पोट रिकामं राहून चालत नाही, भरवावं लागेल." कवळीवाले दर तीन तासांनी सिरिंजने पातळ चारा भरवत होते. स्वतः जेवत होते की नाही, देव जाणे.

"ताई," ते मला म्हणाले, "मी तुमच्या मावशींचं तोंड बंद केलं का हो?"

त्यांनी कानस घेतली आणि भरलेली फट माझ्यासमोर पुन्हा मोकळी केली. मला तीनपर्यंत थांबवेना, मी निघून आले. संध्याकाळी त्यांचा निरोप आला : तांबडा गवत खातोय.

पुढे वर्षभराने तांबडा म्हातारपणाने गेला. काळी कोपऱ्यात बसून राहू लागली. एकटं राहणं या जातीला सोसत नाही. म्हणून आम्ही दोघं प्राण्यांच्या आश्रमात गेलो. कुणीतरी टाकून दिलेली, फाटक्या कानाची एक पांढरी गिनीपिग तिथे होती. टेबलापलीकडची मुलगी फॉर्म भरायला लागली.

"काका, दिवसा घरी तुमच्याशिवाय कुणी असतं?"

कवळीवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्स उघडून उगीच काहीतरी शोधू लागले.

"असतं," ते म्हणाले. "एक बाई. निवृत्त शिक्षिका."

"त्यांची हरकत नाही ना?"

"विचारलंय."

मुलीने तसं लिहून घेतलं, सही घेतली. येताना बसमध्ये त्यांनी खोका मांडीवर धरला होता. वाटभर ते त्या पांढरीला हळू आवाजात काळीचा स्वभाव समजावून सांगत होते. मी शेजारी बसून बाहेर बघत होते. काळीने तिला चार दिवस जवळ फिरकू दिलं नाही. पाचव्या दिवशी जरा सरकून जागा केली.