सुरभी आणि फुगलेल्या बॅटऱ्या

रोह्याहून पूल ओलांडून अष्टमीत आलं की उजव्या हाताला एक लहानसं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान दत्तात्रेय काकांचं, पण गेली तीन वर्षं ते सुरभीच बघते. कुणी बंद पडलेला लॅपटॉप घेऊन आलं की ती आधी दोन गोष्टी विचारते. किती वर्षं झाली, आणि घरात कुठे ठेवता. दुसऱ्या प्रश्नाला लोक जरा बुचकळ्यात पडतात. टीव्हीवर ठेवतो, गादीवर ठेवतो, दिवसभर चार्जिंगलाच असतो, अशी उत्तरं येतात. ती मान डोलावते आणि कामाला लागते.

सुरभी खांब गावची. वडील मोरू भात आणि वाल करतात. कॉलेजात असताना तिनं कोलाडच्या एका ओळखीच्या माणसाकडून जुना लॅपटॉप घेतला. त्यावर ती टायपिंगची कामं करायची. वीज गेली की वीस मिनिटांत तो बंद पडायचा, आणि खांबला वीज जायला काही कारण लागत नाही. एका दुकानदारानं सांगितलं की हा फेकून दे, नवीन घे. नवीन घेणं शक्य नव्हतं. म्हणून ती फिरत फिरत अष्टमीला काकांकडे आली.

काका आधी धाटावच्या एका कंपनीत होते. वीज गेल्यावर यंत्रं चालू ठेवणाऱ्या बॅटऱ्यांची अख्खी खोली त्यांच्या ताब्यात असायची. तिथून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे दुकान टाकलं होतं. त्यांनी सुरभीच्या लॅपटॉपवर बॅटरीचा अहवाल उघडून दाखवला. नवी असताना बॅटरीत किती मावत होतं आणि आता किती मावतं, ते दोन्ही आकडे त्यात होते. शंभर धरलं तर अडतीस उरले होते.

"खराब नाय झाली ती," काका म्हणाले. "म्हातारी झाली. चूक तुझी नाय."

मग त्यांनी समजावलं. बॅटरी भरते आणि रिकामी होते तेव्हा दर वेळी आतला थोडासा माल कामातून जातो, तो परत येत नाही. वापरली नाही तरी ती हळूहळू झिजतेच. उष्णता लागली की लवकर झिजते. सुरभीनं इतके प्रश्न विचारले की काका शेवटी हसायला लागले. नवीन बॅटरी बसवून देताना त्यांनी विचारलं, दुपारची दुकानात येऊन बसशील का. ती दुसऱ्या दिवसापासून यायला लागली.

वर्षभरात तिचा हात बसला. त्याच सुमाराला एका संस्थेनं पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका शाळेला बारा लॅपटॉप दिले. ते चालू करून द्यायला काकांनी सुरभीला एकटीलाच पाठवलं. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हात्रे बाई. त्यांचे आईवडील मिठागरात कामाला होते आणि त्या त्याच गावात शिकून शिक्षिका झालेल्या. बाईंनी सगळे लॅपटॉप पुसून ओळीनं मांडून ठेवले होते, प्रत्येकावर मुलांनी कागदी फूल चिकटवलेलं. निघताना बाईंनी विचारलं, मे महिन्यात शाळा बंद असते, तेव्हा हे कसे ठेवायचे.

सुरभीला एवढं माहीत होतं की बॅटरी पूर्ण रिकामी ठेवली तर मरते. तिनं ठामपणे सांगितलं की फुल्ल चार्ज करा आणि कपाटात बंद करून ठेवा. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

जूनमध्ये शाळा उघडली आणि बाईंचा फोन आला. चार लॅपटॉपांचे कीबोर्ड वर उचलले गेलेत, झाकण मिटत नाही. काकांनी फोनवरच सांगितलं की त्यांना चार्जिंगला लावू नका, दाबू नका, मुलांना लांब ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं काका आणि सुरभी पेणला गेले. गाडीत काकांनी विचारलं की ठेवले कसे होते. सुरभीनं जे सांगितलं होतं ते सांगितलं. काका म्हणाले, पूर्ण भरलेली बॅटरी उकाड्यात महिनाभर ठेवली तर ती फुगू शकते, हे मी तुला कधी सांगितलंच नाय.

शाळेत पोचल्यावर सगळं स्पष्ट झालं. लोखंडी कपाट, वर पत्रा, मागची भिंत पश्चिमेची. मे महिन्यात ते कपाट आतून भट्टीसारखं तापलं असणार. तिथे शाळा समितीची दोन माणसं बसली होती. बाई त्यांना सांगत होत्या की माझ्या हातून नीट ठेवले गेले नाहीत, संस्थेला मी तसं पत्र लिहिते.

सुरभीला दारातून परत फिरावंसं वाटलं. बाईंनी तिच्याकडे बोट दाखवलं नव्हतं. ती गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पण बाईंच्या टेबलावर ती वही उघडी होती आणि तिनं सांगितलेलं वाक्य त्यात जसंच्या तसं लिहिलेलं होतं.

"बाई, असं ठेवायला मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "मला अर्धवट माहीत होतं."

समितीतल्या एकानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण बाईंनी हात वर केला. मग त्या सुरभीकडे वळल्या.

"बरं झालं बोललीस गो. आता बरोबर काय ते सांग, मी लिहून घेते. आणि मुलांनाही तूच येऊन सांग. मला सांगून काय, पुढच्या वर्षी मी हाय का नाय कुणाला ठाऊक."

सुरभीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी तिकडे लक्ष न देता वहीतलं जुनं वाक्य खोडलं आणि पेन हातात धरून थांबल्या. सुरभीनं सांगायला सुरुवात केली. सुट्टीत ठेवताना बॅटरी अर्धीच भरलेली ठेवायची. खोली थंड हवी. महिन्यातून एकदा उघडून बघायचं. रोजच्या वापरात ऐंशीच्या वर भरायची गरज नसते, तशी सोय लॅपटॉपातच करून ठेवता येते.

काकांनी चारही फुगलेल्या बॅटऱ्या जपून काढल्या आणि वाळूच्या डब्यात घालून जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्रात दिल्या. दुकानात त्याच मॉडेलचे मोडके लॅपटॉप पडले होते. त्यांतल्या चांगल्या बॅटऱ्या तपासून त्यांनी शाळेत आणून बसवल्या. लॅपटॉपांचं कपाट बाईंनी कौलारू वर्गात हलवलं.

त्यानंतर सुरभी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळेत जायला लागली. मुलं प्रत्येक लॅपटॉपचा अहवाल काढायची आणि आकडे फळ्यावर लिहायची. मूळ किती, आता किती, शंभरातले किती राहिले. पाचवीच्या वर्गाला शेकडेवारी अशी समजली की बाईंना तो धडा वेगळा शिकवावा लागला नाही. भूमिका नावाची एक मुलगी तर घरी जाऊन आजोबांच्या मोबाइलची बॅटरी किती म्हातारी झाली ते सांगायची.

ही गोष्ट आजूबाजूच्या शाळांत पोचली. बऱ्याच शाळांत असेच लॅपटॉप कुलूप लावून ठेवलेले होते. काही इतके दिवस रिकामे पडलेले होते की त्यांच्या बॅटऱ्या कामातून गेल्या होत्या. अशा बॅटरीला जबरदस्तीनं चार्ज करायला सुरभी ठाम नकार देते, कारण ते धोक्याचं असतं. बाकीच्या ती सांभाळून वापरात आणते. आज पेणपासून रोह्यापर्यंतच्या एकोणीस शाळा ती बघते. बाईंच्या शाळेतले आठ जुने लॅपटॉप अजून मूळच्याच बॅटरीवर चालतात, आणि सगळ्यांत शंभरातले सत्तरच्या वर उरलेत.

गेल्या मे महिन्यात म्हात्रे बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमाला सुरभी काकांना घेऊन गेली. तिला बोलायला सांगितलं तेव्हा ती आधी नको म्हणाली, मग उभी राहिली.

"बाई, त्या दिवशी तुम्ही रागावला असता तर मी हे काम सोडून दिलं असतं," ती म्हणाली. "आणि काका, तुम्ही गाडीत माझी चूक अर्धी स्वतःकडे घेतलीत. मला शिकवलं तुम्ही दोघांनी. हे मला रोज आठवतं."

काकांनी चष्मा काढून रुमालानं पुसला. बाई म्हणाल्या की आता शाळा सुटली, मला माझा स्वतःचा लॅपटॉप आणून दे.

सुरभीनं तो आणून दिला, ऐंशीवर थांबायची सोय करून. बाई सध्या रोज सकाळी ओसरीवर बसून त्यावर लिहितात. मिठागरातल्या बायकांचे जुने शब्द, अवजारांची नावं, त्यांच्या आईनं सांगितलेली कामाची रीत. पहिली काही पानं झाली तेव्हा त्यांनी सुरभीला बोलावून वाचायला दिली. तिनं ती तिथेच बसून वाचली, दोन शब्दांचे अर्थ विचारले, आणि चहा घेऊन पुढच्या शाळेकडे गेली.